छोट्या देशाचं युरोव्हिजन गाणं जानेवारी ते मे कसं फॉलो करायचं (मी एस्टोनिया धरलाय)

युरोव्हिजन म्हणजे युरोपातल्या देशांची दरवर्षीची गाण्याची स्पर्धा, प्रत्येक देश एकच गाणं पाठवतो. ती पहिल्यांदा बघणारे बहुतेक जण थेट मे महिन्यात फायनलच्या रात्री बसतात, पंचवीस-सव्वीस गाणी एकामागून एक अंगावर येतात, लाइट, धूर, आगीचे फवारे, आणि सकाळी उठल्यावर एकाही गाण्याची चाल धड आठवत नाही. मी पण पहिली दोन वर्षं असंच बघितलं. तिसऱ्या वर्षी ठरवलं की एकच देश धरायचा, तोही लहानसा, आणि त्याचं गाणं निवडीपासून शेवटच्या पॉइंटपर्यंत सोडायचं नाही. तेव्हापासून या स्पर्धेवर माझा खरा जीव जडला. कोणाला सुरू करायचं असेल तर माझी पद्धत खाली सांगते.

देश कुठला घ्यायचा

लहान देशच का, तर मोजणीची गंमत आहे. प्रत्येक देश १ ते ८, मग १० आणि १२ असे पॉइंट देतो, स्वतःला देता येत नाहीत. साडेआठ कोटींच्या आसपास लोक असलेल्या जर्मनीचे १२ आणि चौतीस हजारांच्या आसपास लोक असलेल्या सान मारिनोचे १२ एकाच मापाचे. त्यामुळे लहान देशाला इथे खरंच संधी असते, आणि गाणं पाठवणं ही तिथे साऱ्या देशाची गोष्ट होते. आइसलँडमध्ये चार लाखांच्या आत-बाहेर लोक, पण फायनलच्या रात्री टीव्हीसमोर असलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त हेच बघत असतात.

सुरुवातीला असा देश घ्या जो स्वतःची निवड स्पर्धा घेतो, कारण काही देशांचं चॅनल आतल्या आत गायक ठरवून टाकतं, मग तुम्हाला जानेवारी-फेब्रुवारीत बघायला काहीच उरत नाही. आणि तो देश त्या वर्षी येतोय ना ते आधी तपासा, लहान देश कधी पैशापायी तर कधी राजकारणापायी गैरहजर असतात. २०२६ ला आइसलँड आणि स्लोव्हेनिया उतरले नाहीत. लक्झेंबर्ग तर १९९३ नंतर गेलं ते थेट २०२४ ला परत आलं, आणि हा पाच वेळा जिंकलेला देश बरं का, म्हणजे पाचही वेळा गायक बाहेरून आणलेले, चार फ्रान्सचे आणि एक मूळची ग्रीसची, पण ट्रॉफी लक्झेंबर्गची.

मी एस्टोनिया घेतला. बाल्टिक समुद्राच्या काठावरचा देश, लोकसंख्या १३-१४ लाख, म्हणजे आपलं नाशिक शहरच २०११च्या जनगणनेत त्याच्याहून मोठं होतं. आणि गाणं त्या लोकांच्या रक्तातच आहे, १८६९ ला तार्तू गावात त्यांचा पहिला गीतमहोत्सव झाला, तो आजही साधारण पाच वर्षांनी भरतो, हजारो लोक एकत्र उभं राहून गातात. सोव्हिएत राजवटीच्या शेवटी १९८८ ला हेच लोक रात्र रात्र मैदानात जमून गात होते, त्या चळवळीचं नावच गाणारी क्रांती. असा देश तीन मिनिटांचं पॉप गाणं निवडतो तेव्हा ते कसं निवडतो, हे मला बघायचं होतं.

आधी दोन संध्याकाळी मागचा इतिहास ऐका

यूट्यूबवर सगळं मिळतं. क्रमाने ऐका, उड्या मारू नका, नाहीतर चढउतार कळत नाही.

१९९३ ला ल्युब्लियानात एक पात्रता फेरी होती त्यात एस्टोनिया बाहेर पडला. १९९४ ला डब्लिनला पोचला, २५ देशांत २४वा आला, एकूण पॉइंट २, आणि तेही एकट्या ग्रीसने दिलेले. खाली राहिल्यामुळे १९९५ ला बसवून ठेवलं. १९९६ ला परत आला तर थेट पाचवा! आणि २००१ ला कोपनहेगनमध्ये जिंकलाच, तानेल पादार नावाचा पोरगा आणि अरुबा बेटावर जन्मलेला पन्नाशीचा डेव्ह बेंटन, दोघांचं इंग्रजी पार्टी गाणं. आधीच्या सोव्हिएत देशांपैकी जिंकलेला हा पहिला देश. पुढच्या वर्षी स्पर्धा एस्टोनियाच्या राजधानीत, टालिनला आली आणि तिथे शेजारच्या लाटव्हियाने बाजी मारली.

पण त्यानंतरचा काळ मन लावून ऐका, कारण शिकण्यासारखं तिथे आहे. २००४ ला सेमीफायनल सुरू झाल्या आणि एस्टोनिया २००४, ०५, ०६, ०७, ०८ अशी सलग पाच वर्षं फायनललाच पोचला नाही. २००८ ला तर विनोदी कलाकारांचं गाणं पाठवलं होतं. मग तिथल्या सरकारी चॅनलने, म्हणजे ईआरआरने, जुनी निवड स्पर्धा बंद करून नवीन काढली, नाव एस्ती लाउल, अर्थ साधा, एस्टोनियाचं गाणं. युरोपला काय आवडेल याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा आपल्याकडचे बँडवाले, गीतकार आत्ता काय करतायत ते पुढे आणायचं. पहिल्याच वर्षी, २००९ ला, अर्बन सिम्फनी नावाच्या ग्रुपचं ‘रॅन्दायाद’ निवडलं गेलं, म्हणजे भटके, गाणारी मुलगी स्वतः व्हायोलिन वाजवते, शब्द पूर्ण एस्टोनियन. मॉस्कोत ते सहावं आलं. हे मी पहिल्यांदा वाचलं त्या रात्री ते गाणं लागोपाठ किती वेळा ऐकलं ते सांगता येणार नाही.

भाषेची थोडी ओळख करून घ्या

हे टाळू नका, दोन तास पुरतात आणि त्याने ऐकण्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. एस्टोनियन भाषा युरोपातल्या बहुतेक भाषांच्या घराण्यातली नाहीच, ती फिनिशची बहीण. लिंग नाही, तो-ती-ते सगळ्यांना एकच सर्वनाम, म्हणजे प्रेमगीत कोण कोणाला म्हणतंय ते शब्दांवरून कळतच नाही, नुसत्या आवाजावरून. विभक्ती चौदा! आपण शाळेत प्रथमा ते संबोधन आठ पाठ केल्या त्यातच दमलो होतो. आणि सगळ्यात सुंदर म्हणजे आपल्याकडे ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन प्रकार, त्यांच्याकडे तीन, ऱ्हस्व, दीर्घ आणि अतिदीर्घ. गाण्यासाठी ही भाषा किती सोयीची असेल विचार करा, स्वर लांबवायची सवय बोलण्यातच आहे.

मराठी तोंडाला हे उच्चार इंग्रजीपेक्षा जवळचे वाटतात. प, त, क आपल्यासारखेच, हवा न सोडता म्हणायचे. इंग्रजी j लिहिलेला दिसला की ज नाही, य म्हणायचं. स्वर डबल लिहिला की लांब करा. जोर जवळजवळ नेहमी पहिल्या अक्षरावर. ‘तेरे’ म्हणजे नमस्कार, ‘आइतॅह’ म्हणजे धन्यवाद. एवढ्यावर सुरू करा.

आता एक काम करा, एक एस्टोनियन गाणं घेऊन त्याचे शब्द वहीत देवनागरीत उतरवा. मी २०१२चं ओत लेपलांडचं ‘कूला’ घेतलं होतं, कूला म्हणजे ऐक. बाकू शहरात झालेल्या स्पर्धेत तेही सहावं आलं. स्टेजवर झगमगाट जवळपास नाही, माणूस उभा राहतो आणि गातो, आपल्या भावगीतासारखं शब्दावर चालणारं. पहिला शब्दच लांब ऊ घेऊन येतो आणि देवनागरीत लिहिताना तो दीर्घ ऊकार देताना मला कळलं की सुराचं वजन नेमकं कुठे ठेवलंय. अर्थ लगेच ट्रान्सलेटरवर टाकू नका. आधी चार-पाच वेळा नुसतं ऐका, कुठे गायकाचा आवाज बदलतो तिथे खूण करा, मग अर्थ बघा आणि खुणा बरोबर पडल्या का ते ताडून बघा. माझ्या बऱ्याच बरोबर पडल्या होत्या, तो आनंद फार मोठा असतो.

निवड स्पर्धा बघताना

एस्ती लाउलची फायनल साधारण फेब्रुवारीत असते, गाणी त्याच्या आधीच बाहेर येतात. ती सगळी ऐका आणि स्वतःची यादी करा, तीन आवडलेली आणि एक जे आवडलं नाही पण जिंकेल असं वाटतं ते. कारण बऱ्याच वर्षी पद्धत अशी असते की पहिल्या फेरीत ज्युरी आणि लोक मिळून तीन गाणी काढतात आणि सुपरफायनलमध्ये फक्त लोकांची मतं चालतात. ज्युरीचं लाडकं एक आणि लोकांनी उचललेलं दुसरंच, हे तिथे डोळ्यांसमोर घडतं.

ऐकताना हे नियम डोक्यात ठेवा, कारण गाणं यांच्या चौकटीत बसवलेलं असतं. गाणं तीन मिनिटांपेक्षा मोठं चालत नाही. स्टेजवर जास्तीत जास्त सहा माणसं. मुख्य गायकाचा आवाज लाइव्ह, वाद्यं मात्र ट्रॅकवर, म्हणजे व्हायोलिनवाली वाजवताना दिसते पण आवाज आधी रेकॉर्ड केलेला. २०२१ पासून मागचे कोरसचे आवाजही रेकॉर्डेड चालतात, मला हा बदल अजिबात आवडलेला नाही, सहा गळ्यांचा जिवंत मेळ ऐकण्यात जो थरार होता तो थोडा गेलाच. गायक किमान १६ वर्षांचा हवा. भाषेचं बंधन १९९९ पासून नाही.

तीन मिनिटांचं कसब समजायचं असेल तर मोबाइलवर स्टॉपवॉच लावा. धृवपद किती सेकंदाला आलं लिहा. दुसऱ्या अंतऱ्यानंतर काय होतं लिहा, बऱ्याचदा तिथे सगळी वाद्यं थांबतात, एकटा आवाज उरतो आणि मग शेवटचं धृवपद वरच्या पट्टीत येतं. कॉलेजात एकांकिका स्पर्धा केलेल्यांना हे पटकन कळेल, वेळेची बेल डोक्यावर असली की एक वाक्यसुद्धा फुकट घालवता येत नाही. दहा गाण्यांची अशी नोंद केलीत की अकरावं गाणं ऐकताना तुमचं तुम्हालाच कळतं कुठे ते ढिलं पडलंय.

आणि विचित्र वाटणारी गाणी पटकन मोडीत काढू नका. २०२४ ला एस्टोनियाने एक रॅप ग्रुप आणि पूलूप नावाची लोकसंगीतवाली जोडी असे मिळून पाठवले होते, गाण्याचं नाव दोन ओळींचं, आणि हातात जुनं वाद्य, सारंगीसारखं गजाने वाजवायचं. फायनलला विसावे आले. पण ते वाद्य मी त्यामुळे शोधलं आणि पुढे महिनाभर तेच ऐकत होते.

मार्च-एप्रिलमध्ये फक्त एवढं करा

गाण्याची स्टुडिओ आवृत्ती आणि निवड स्पर्धेतली लाइव्ह आवृत्ती शेजारी शेजारी ऐका. कुठे श्वास पुरत नाहीये, कुठे वरचा सूर कापला, ते टिपून ठेवा, मेमध्ये त्याच जागा बघायच्यात. सट्टेवाल्यांचे अंदाज मी बघत नाही, तुम्हीही बघू नका, गाण्याकडे बघायची नजर बिघडते.

मे महिना, आणि तारखेचा घोळ

इथे नीट वाचा. शो मध्य युरोपच्या वेळेने रात्री नऊला सुरू होतो, आपल्याकडे तेव्हा साडेबारा वाजलेले असतात आणि तारीख बदललेली असते. मंगळवारची सेमीफायनल म्हणजे आपल्याकडे मंगळवारी जेवून जागत राहायचं आणि साडेबाराला बघायची, तारखेने तो बुधवार. गुरुवारची तशीच शुक्रवारी लागते, आणि शनिवारची फायनल रविवारी पहाटे चार-साडेचारला संपते. मी एकदा फोनमध्ये मंगळवार रात्री १२.३० असा अलार्म लावला, तो सोमवारच्याच रात्री वाजला, मला वाटलं शो रद्द झाला आणि दुसऱ्या दिवशी मी लवकर झोपले. एस्टोनियाची सेमीफायनल हुकली. तेव्हा अलार्म तारीख घालूनच लावा.

फायनल नाही बघितली तरी चालेल पण तुमच्या देशाची सेमीफायनल चुकवू नका. ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, इटली आणि (उतरला तर) स्पेन या मोठ्या देशांना आणि यजमानाला थेट फायनलची जागा असते, बाकी सगळ्यांना सेमीफायनल पार करावी लागते, प्रत्येकीतून दहाच जण पुढे. लहान देशाचा जीव खरा त्या रात्री टांगणीला लागलेला असतो. दहा नावं एकेक करून घेतात, नऊ होऊन जातात आणि तुमचा देश अजून आलेला नसतो, तेव्हा छातीत काय होतं ते बघाच एकदा.

गाणं सुरू व्हायच्या आधी साधारण चाळीस सेकंदांची एक छोटी फिल्म दाखवतात, तिला पोस्टकार्ड म्हणतात. त्या चाळीस सेकंदांत अंधारात मागचा सगळा सेट उचलून पुढचा लावलेला असतो. आपल्याकडे नाटकाच्या दोन अंकांमधे बॅकस्टेजवाले जे करतात तेच, पण चाळीस सेकंदांत आणि एका रात्रीत पंचवीस वेळा.

गाणं चालू असताना गायकाबरोबर कॅमेराही बघा, प्रत्येक शॉट कुठल्या शब्दावर कापायचा ते आधीच ठरलेलं असतं. २०१८ ला लिस्बनमध्ये एस्टोनियाच्या एलिना नेचायेवाने ऑपेराच्या आवाजात इटालियन गाणं गायलं, तिच्या घेरदार पांढऱ्या ड्रेसवर प्रोजेक्टरने रंग आणि चित्रं उमटत होती, त्याचा खर्च कोण करणार यावरून तिच्या देशात आधी बरीच चर्चा झाली होती. आठवी आली. कॅमेरा लांब ठेवून तो अख्खा ड्रेस स्क्रीनभर दाखवला म्हणून ते जमलं, जवळून घेतलं असतं तर नुसता चेहरा दिसला असता.

भारतातून बघायला युरोव्हिजनच्या यूट्यूब चॅनलवर लाइव्ह येतं. घरी कोणी झोपलेलं असेल तर हेडफोन लावा, तसंही बास नीट ऐकू येतो. कोणाला सोबत बसवायचं असेल तर प्रत्येकाला कागद द्या आणि पॉइंट १, २, ३ असे सरळ न देता १ ते ८, १०, १२ असेच द्यायला लावा. माझी ताई पहिल्या वर्षी म्हणाली, “अगं, सगळ्यांनाच आठ-नऊ देऊ की, बिचारे किती मेहनतीने गातायत.” मी म्हटलं, “ताई, बारा एकालाच मिळतात.” मग ती पहाटे साडेतीनपर्यंत कागदावर खोडत बसली होती.

मत द्यायचं असेल तर

२०२३ पासून भाग न घेणाऱ्या देशांतले लोकही ऑनलाइन मत देऊ शकतात, जगभरच्या अशा सगळ्या मतांचा मिळून एक देश धरतात. म्हणजे तुमचं, ब्राझीलवाल्याचं आणि केनियावाल्याचं मत एकाच टोपलीत. मत फुकट नसतं, कार्डावरून पैसे जातात, आणि आपल्याकडच्या कार्डांवर परदेशी ऑनलाइन व्यवहार बऱ्याचदा बंद असतात, ते बँकेच्या ॲपमध्ये दुपारीच चालू करून ठेवा. माझं पहिलं मत याच कारणाने गेलं नाही, रात्री दोनला सेटिंग शोधेपर्यंत वेळ संपली. एका माणसाला किती मतं देता येतात तो आकडा बदलत असतो, त्या वर्षीचा नियम वाचून घ्या. आणि या मतदानाला शो सुरू व्हायच्या आधीच सुरुवात होते, सबब झोप येत असेल तर मत देऊन झोपा.

निकाल कसा वाचायचा

नुसता नंबर बघून थांबू नका. फायनलमध्ये निम्मे पॉइंट ज्युरीचे, निम्मे लोकांचे, २०१६ पासून ते वेगवेगळे जाहीर होतात. आणि ज्युरी जे बघून पॉइंट देते ते तुम्ही बघितलेलं गाणं नसतंच, ती आदल्या रात्रीची रंगीत तालीम असते. म्हणून तुमच्या डोळ्यांसमोर गायकाचा सूर हलला आणि ज्युरीने तरी भरभरून दिले, तर चिडू नका, आदल्या रात्री तो नीट लागला असेल.

२०२५चा, स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरातल्या स्पर्धेचा तक्ता काढून बघा. एस्टोनियाचा टॉमी कॅश इटालियन-इंग्रजीची मोडतोड करून कॉफीवर गाणं गायला, एकूण ३५६ पॉइंट, तिसरा नंबर, २००१च्या विजयानंतरच्या सगळ्यात चांगल्या वर्षांतलं हे एक. पण फोड बघा, ज्युरीचे ९८ आणि लोकांचे २५८. त्याच रात्री यजमान स्वित्झर्लंडला ज्युरीने २१४ दिले आणि लोकांनी शून्य. दोन्ही गाणी लागोपाठ ऐका, मग त्या आकड्यांचा अर्थ लागतो, एक गाणं कान देऊन ऐकणाऱ्यांचं, दुसरं पहिल्या दहा सेकंदांत खोली उठवणारं. मला स्वतःला स्वित्झर्लंडचं जास्त आवडलं होतं, एस्टोनिया माझा देश असूनही.

मग देशवार पॉइंट बघा, लाटव्हिया, लिथुआनिया, फिनलंडकडून काय आलं ते आधी. शेजारी एकमेकांना देतात हे खरं आहे पण त्यात नुसती सेटिंग शोधू नका, तिथल्या लोकांच्या कानाला ती भाषा, ती चाल ओळखीची असते, एकमेकांचे गायक त्यांच्या रेडिओवर वाजतात. परक्या भाषेतलं गाणं लांबून लांबून पॉइंट घेऊन येतं ते मात्र वेगळंच. २०१७ ला पोर्तुगालचा साल्वादोर सोब्राल पोर्तुगीजमध्ये गायला, गाणं बहिणीने लिहिलेलं, स्टेजवर तो एकटा, आणि ७५८ पॉइंट. पोर्तुगाल १९६४ पासून गाणी पाठवत होता, पहिला विजय तो. तेव्हा ज्या देशांतून बारा आले त्यातल्या कितीजणांना पोर्तुगीज येत असेल?

रविवारी दुपारी झोपून उठलात की वही काढा आणि फेब्रुवारीतली यादी बघा, तुमची तीन आवडती. बहुतेक वेळा त्यातली दोन तरी निवडच झालेली नसतात, ती गाणी मालमो, बाझेल अशा यजमान शहरांत कुठेच पोचली नाहीत, त्या १३-१४ लाख लोकांमध्येच राहिली. ती आता परत लावा. माझ्या फोनमध्ये अशा हरलेल्या एस्टोनियन गाण्यांची वेगळी प्लेलिस्ट आहे आणि भांडी घासताना मी तीच लावते, आईलाही त्यातल्या एकाचं धृवपद पाठ झालंय, अर्थ अजून विचारलेला नाही तिने.